अर्जातील संगीताचा रकाना

कामगारांच्या सभेत महागाईभत्त्यावर आम्ही दोन तास बोलू शकतो. संगीतावर दोन मिनिटे बोलण्याचाही आम्हाला अधिकार नाही. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर संपले, आणि पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, कामगार कायद्याच्या पुस्तकांवर आणि नगर वाचनालयाच्या मेहरबानीवर झाले. तेव्हा आजच्या विषयाचे नाव ऐकून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. परंतु अर्ज कसा भरावा, हा विषय मात्र आमचा आहे. तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांचे अर्ज भरीत आलो आहोत. भविष्यनिर्वाह निधीचे, ग्रॅच्युइटीचे, अपघाताच्या भरपाईचे. आणि गेली काही वर्षे सभासदांच्या मुलामुलींचे कॉलेजप्रवेशाचेही.

त्यातलाच एक अर्ज अमेरिकेतल्या कॉलेजांचा होता. आमच्या एका सभासदाची मुलगी बारावीत होती. वडील मशीन शॉपमध्ये हेल्पर. तिच्या शिक्षिकेने तिला सांगितले होते, की अमेरिकेतील काही कॉलेजे हुशार पण गरीब परदेशी विद्यार्थ्यालाही फीपासून जेवणापर्यंतचा सारा खर्च देतात. हे खरे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट यांसारख्या थोड्या संस्था प्रवेश ठरवताना परदेशी विद्यार्थ्याची देखील पैसे भरण्याची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर जितकी गरज तितकी मदत देतात. इतर काही कॉलेजेही पुष्कळ मदत करतात, पण ती प्रवेश देताना ऐपतीचा विचार करतात. मुलगी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला मागायला आमच्याकडे आली होती. अर्ज सहज चाळला, तर ‘संगीत’ या सदराखाली काहीच लिहिलेले नव्हते. आम्ही विचारले, “अगं, हे कोरे का?” ती म्हणाली, “भाऊ, मी संगीत कुठं शिकले? मी तर नुसता हरिपाठाला पखवाज वाजवते.”

‘नुसता’ हा शब्द आम्हाला त्या दिवसापासून टोचतो आहे. आजचे आमचे सारे बोलणे त्या एका शब्दाभोवती आहे.

प्रथम हा अर्ज काय आहे ते पाहू. आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुणपत्रिका. कलेचा विचार झालाच तर तो गुणांत मोडून होतो. महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला दहावीत वाढीव गुण मिळतात. दिल्ली विद्यापीठात अभ्यासेतर कलांसाठी काही जागा आहेत. त्यांसाठी प्रमाणपत्रे तपासतात आणि प्रत्यक्ष चाचणी घेतात. इंग्लंडातही हिशेब आकड्यांचाच: तेथील मान्य मंडळांची आठव्या श्रेणीची वादनपरीक्षा विशेष श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास प्रवेशाच्या कोष्टकात ३० गुण धरतात. अर्थात सगळी विद्यापीठे ते कोष्टक वापरीत नाहीत. अमेरिकेतील पद्धत याहून अगदी निराळी आहे. तेथे संगीताला ठरीव गुण नाहीत. तेथे विद्यार्थी स्वतः आपल्या उद्योगांचा तक्ता लिहितो, आणि प्रवेश कचेरीतला वाचक तो वाचून आपले मत बनवतो.

पुष्कळ कॉलेजे एकच सामाईक अर्ज घेतात. त्याला कॉमन ॲप्लिकेशन म्हणतात. १९७५ साली पंधरा कॉलेजांनी मिळून तो सुरू केला. आज एक हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात. त्यात अभ्यासेतर उद्योगांच्या दहा ओळी असतात. प्रत्येक ओळीत उद्योगाचा प्रकार निवडायचा. वाद्यसंगीत आणि गायन असे दोन निरनिराळे प्रकार त्यात आहेत. मग आपले पद किंवा काम ५० अक्षरांत, संस्थेचे नाव १०० अक्षरांत, आणि आपण काय केले ते १५० अक्षरांत. अक्षर म्हणजे इंग्रजी लिपीतले एकेक अक्षर, विरामचिन्ह आणि दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा. एवढ्यात वीस-पंचवीस शब्द मावतात, अधिक नाही. त्याखाली कोणकोणत्या इयत्तांत हे केले, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, आणि पुढे कॉलेजात चालू ठेवणार काय, एवढे प्रश्न. बक्षिसे आणि परीक्षा यांसाठी पाच वेगळ्या ओळी असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र आहे; त्यात वीस नोंदी चालतात आणि वर्णनाला ३५० अक्षरे मिळतात. एमआयटी उलट फक्त चारच उद्योग विचारते.

हा रकाना आला कोठून, ते आम्ही वाचले तेव्हा चकित झालो. १९२० पर्यंत हार्वर्डसारख्या विद्यापीठांत मुख्यतः परीक्षेवर प्रवेश मिळे. पूर्व युरोपातून आलेल्या, शिवणकाम आणि किरकोळ व्यापार करणाऱ्या ज्यू कुटुंबांतील मुले त्या परीक्षा भराभर उत्तीर्ण होऊ लागली. १९२५ च्या सुमारास हार्वर्डच्या पहिल्या वर्षात त्यांचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक झाले होते. विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ मध्ये त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याचा घाट घातला, तो अध्यापकांनी हाणून पाडला. तेव्हा मागचे दार शोधण्यात आले. १९२६ पासून गुणांबरोबर ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहायचे ठरले. अर्जाला छायाचित्र जोडायचे, मुलगा कोणत्या खेळात, कोणत्या मंडळात आहे ते विचारायचे. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या जाड ग्रंथात हा सारा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. म्हणजे ज्या रकान्यात आज आपली मुले व्हायोलिन आणि तबला लिहितात, तो रकाना शिंप्याच्या मुलाला बाहेर ठेवण्याच्या कामी आणलेला होता. कारखान्याच्या गेटवर ‘वर्तणुकीचा दाखला’ मागतात, तो आणि हा एकाच जातीचे. पुढे काळ बदलला, विद्यापीठेही बदलली, पण रकाना राहिला. राहिला आहे तर आपल्या मुलांनी तो कोरा का सोडावा?

आत तो कसा मोजतात, हेही आता गुपित नाही. हार्वर्डविरुद्ध प्रवेशाबाबत खटला झाला. २०१८ च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या न्यायालयात सुनावणी चालली आणि २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. निकाल वंशाच्या प्रश्नावर होता, तो आजचा विषय नाही. पण त्या निमित्ताने विद्यापीठाचे दप्तर न्यायालयात उघडले गेले. प्रत्येक अर्जाला अभ्यास, अभ्यासेतर उद्योग, खेळ, व्यक्तिमत्त्व अशा सदरांत एक ते सहा अशी श्रेणी देतात, आणि एक म्हणजे सर्वांत वर, हे त्यात लोकांना दिसले. व्यवस्थापनाचे दप्तर न्यायालयात उघडले की किती गोष्टी सोप्या होतात, हे युनियनवाल्याला सांगायला नको.

आता संगीताकडे वळू. पहिली गोष्ट, संगीत हेच ज्याला शिकायचे आहे त्याचा मार्ग वेगळा. न्यूयॉर्कचे जूलियार्ड किंवा फिलाडेल्फियाचे कर्टिस अशा संगीतविद्यालयांत प्रत्यक्ष वादनगायनाच्या परीक्षेवर सारे ठरते. तेथे दीडशे अक्षरांचे वर्णन कितीही नेटके असले तरी त्याने काही साधत नाही. आमच्यासमोर आली ती मुले इंजिनिअरिंग, गणित, अर्थशास्त्र शिकू पाहणारी, आणि शिवाय वाजवणारी किंवा गाणारी. बहुसंख्य अर्जदार याच वर्गातले, म्हणून त्यांच्यापुरतेच बोलतो.

अशा मुलाकडून तो वाचक काय जाणू इच्छितो? तू मोठा कलावंत आहेस काय, हे नव्हे. कोणी सांगितले नसताना तू कोणत्या कामाला किती काळ चिकटून राहिलास, त्यात तुझ्यावर काय जबाबदारी आली, आणि तुझ्यामुळे इतरांचे काय झाले, एवढेच त्याला हवे असते. हे एकदा उमगले की आमच्या वस्तीतील संगीत दुबळे वाटेनासे होते. तरीही मुले ते लिहीत नाहीत. हरिपाठ ही देवाची सेवा, ती अर्जात काय लिहायची, असे घरचे म्हणतात. ढोल-ताशाचे पथक म्हणजे मौज, वरातीतला बँड म्हणजे पोटाचा धंदा आणि वर थोडी लाजही. ख्रिस्ती वस्तीतली मुले दर रविवारी चर्चमध्ये चार सुरांत गातात आणि अर्जात ‘छंद: काही नाही’ असे लिहितात. ज्याला फी भरावी लागली आणि ज्याचे प्रमाणपत्र मिळाले तेच संगीत, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

त्या मुलीला आम्ही समोर बसवले आणि मस्टर भरतात तसे प्रश्न विचारले. किती वर्षे वाजवतेस? आठ. रोज किती वेळ? पाऊण तास, सोमवार ते शनिवार. रविवारी? रविवारी वस्तीतली पाच पोरे येतात, त्यांना दोन तास हात बसवून देते. वर्षातून एकदा सप्ताह, तेव्हा सात दिवस. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावणे, वाद्या ताणणे, शाई उडाली तर दुरुस्तीला नेऊन आणणे, हेही तिच्याकडेच. कारण आधीचे वादक म्हातारे झाले आणि त्यांचा हात थरथरू लागला. हे सारे तिने सांगितले ते, कालची भाजी काय होती असे सांगावे, तसे. मग हिशेब केला. पाऊण तास गुणिले सहा म्हणजे साडेचार, अधिक दोन, साडेसहा. आम्ही सहाच लिहायला सांगितले. परीक्षेचे आणि आजारपणाचे दिवस वजा जाता आठवडे ४६. पदाच्या जागी: ‘पखवाजवादक व मुलांची शिक्षिका’. संस्थेच्या जागी: वस्तीचे हरिपाठ मंडळ, सुमारे तीस सभासद. आणि वर्णन, मराठीत सांगायचे तर, असे: ‘दोन तोंडांचा मृदंग, रोजच्या सामुदायिक गायनाला साथ, ५ मुलांना ताल शिकवते, वार्षिक सात दिवसांच्या उत्सवात वादन, वाद्याची देखभाल.’ यात एकही विशेषण नाही. ‘अत्यंत आवड’ नाही, ‘संस्कृतीचे जतन’ नाही. दीडशे अक्षरांत विशेषणाला घर दिले की एका क्रियापदाला बाहेर झोपावे लागते.

हे शहाणपण आम्हाला ठेच लागून आले. त्याआधी एका मुलाचा अर्ज आम्ही आमच्या पत्रकी भाषेत भरला होता. तो ढोल-पथकात होता. आम्ही लिहिले, ‘वादनाची ज्वलंत निष्ठा’, आणि तासांच्या रकान्यात उत्साहाने आठवड्याला २० तास, वर्षाला ५२ आठवडे. पथकाच्या तालमी गणेशोत्सवापूर्वी दोनेक महिने चालतात आणि विसर्जनानंतर ढोल गुंडाळून ठेवतात, हे ज्याला माहीत नाही असा माणूस या मांडवात नसेल. खरा हिशेब होता आठवड्याला १५ तास आणि वर्षाला १० आठवडे, म्हणजे १५० तास. आम्ही लिहिले १,०४० तास! बाकीच्या ओळी धरून त्या पोराचे आठवड्याचे साठ-एकसष्ट तास होत होते, शाळा वेगळी. कारखान्यात खोट्या ओव्हरटाइमचे मस्टर आम्ही एका नजरेत पकडतो, आणि येथे आमच्याच हातून तसले मस्टर लिहिले गेले. नकार आला. कारण कोणी कळवत नाही, त्यामुळे त्याच चुकीने आला असे आम्ही म्हणणार नाही. पण तो अर्ज आठवला की आजही आम्हाला अपराधी वाटते. वर्षाचे दहा आठवडे लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. अर्जात ‘शाळा चालू असताना’, ‘सुटीत’, ‘वर्षभर’ अशी निवड त्यासाठीच दिलेली आहे.

बँडच्या मुलाची गोष्ट याहून अवघड होती. वडील आणि चुलते बँड पार्टीत, मुलगा तेरा-चौदाव्या वर्षापासून लग्नसराईत क्लॅरोनेट वाजवतो, आणि मिळालेले पैसे घरात देतो. अभ्यासात तल्लख. शहरातल्या एका भारी फीच्या सल्लागाराकडे वडील पतपेढीचे कर्ज काढून गेले. त्याने सांगितले, बँड काढून टाका, तो शोभत नाही. त्याऐवजी ‘गरीब मुलांसाठी संगीतसंस्थेचा संस्थापक’ असे लिहा, छायाचित्रे आपण काढू. वडील आमच्याकडे आले ते मान खाली घालून. “भाऊ, पोरगा म्हणतो खोटं लिहिणार नाही, आणि साहेब म्हणतात खरं लिहिलंत तर जागा जाईल. काय करावं?”

आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. अर्जाच्या शेवटी विद्यार्थी सही करतो, की लिहिलेले सारे खरे आहे. ते खोटे निघाले तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यात श्रीमंत पालकांनी पैसे चारून, कधी नौका न वल्हवलेल्या मुलांना नौकापटू म्हणून आत घुसवले होते. पालकांना तुरुंगवास झाला. दुसरी गोष्ट, मजुरीचे काम त्या अर्जात लपवायचे नसतेच. ‘पगारी काम’ असा स्वतंत्र प्रकार त्यात आहे, ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असाही आहे. मग बँड कोठे घालावा, पगारी कामात की वाद्यसंगीतात? एकच काम दोन ओळींत मांडून तास दुप्पट करणे गैर. त्या मुलाच्या बाबतीत आम्ही वाद्यसंगीत निवडले आणि वर्णनात पैशाची गोष्ट लिहिली: लग्नहंगामात चौदा जणांच्या बँडमध्ये मुख्य क्लॅरोनेट, कानाने ऐकून चाली बसवतो, कमाई घरखर्चाला. शेजारच्या घरातला मुलगा असता आणि तास बँडमध्ये नव्हे तर दुकानात गेले असते, तर पगारी काम निवडले असते. कोणत्या रकान्याने काम अधिक स्पष्ट दिसते ते पाहायचे.

परीक्षा दिलेल्या मुलांचे दुखणे वेगळेच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून १९३१ साली अखिल भारतीय मंडळ उभे राहिले. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमाच्या दोन, विशारदाच्या दोन अशा त्याच्या सात पायऱ्या, आणि त्यांवर अलंकार. आपल्याकडे ‘मध्यमा पूर्ण’ म्हटले की जाणकार मान डोलावतो. बोस्टनच्या कचेरीत त्या दोन शब्दांना काही अर्थ नाही. म्हणून ‘भारतभर परीक्षा घेणारे मंडळ, स्थापना १९३१, सात पायऱ्यांतील पाचवी, प्रात्यक्षिक व लेखी’ असे लिहावे. हे पारितोषिकांच्या पाच ओळींपैकी एका ओळीत. रोजचा रियाज आणि गुरूकडची तालीम उद्योगांच्या ओळीत. दोन्ही ठिकाणी तेच लिहून जागा फुकट घालवणारी मुले पुष्कळ. तसेच घराण्याचे नाव, गुरूंच्या गुरूंचे नाव. आदर मनात असावा. दीडशे अक्षरांत तो मावत नाही.

दहा ओळींत संगीत कितव्या क्रमांकावर ठेवावे, असे हमखास विचारतात. आपल्याला महत्त्वाचे वाटेल त्या क्रमाने लिहा, असे अर्जच सांगतो. जे वर्षानुवर्षे केले ते वर, शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा समूहगीत गायले ते खाली, किंवा नकोच. दहाच्या दहा ओळी भरल्या पाहिजेत असा नियम नाही.

रेकॉर्डिंग पाठवावे काय? काही कॉलेजे कलेचे पुरवणी साहित्य घेतात, आणि तेथील संगीताचे अध्यापक ते ऐकतात. काही अजिबात घेत नाहीत. प्रत्येक कॉलेजाचा नियम वाचूनच ठरवावे. बेताच्या वादनाचे रेकॉर्डिंग पाठवल्याने फायदा होत नाही. ज्याचे वादन खरोखर वरच्या पायरीचे आहे त्यानेच पाठवावे, असा या कॉलेजांचाही सल्ला असतो. पखवाजवाल्या मुलीचे आम्ही पाठवले नाही. तिच्या वृद्ध गुरुजींनी मात्र स्वतःहून मराठीत एक पान लिहून दिले. शिक्षिकेने त्याचे भाषांतर करून, जेथे जादा शिफारसपत्र चालते तेथे जोडले. त्यात एक वाक्य होते, की गेल्या पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरले तेव्हा ही पोरगी आधी पखवाज डोक्यावर घेऊन माडीवर गेली आणि मग दप्तर आणायला परत आली. असले वाक्य आम्हाला सुचले नसते.

तिला आठ ठिकाणी अर्ज करून एका जागी प्रवेश मिळाला, खर्चासह. पखवाजामुळे मिळाला की गणितामुळे, ते देणाऱ्यालाच ठाऊक. बँडच्या मुलाला तेथे मिळाला नाही. तो इथल्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो आणि लग्नसराईत अजून वाजवतो. त्याच्या वडिलांचे पतपेढीचे हप्ते अजून संपलेले नाहीत.

ज्या पालकांना यंदा अर्ज भरायचा आहे त्यांच्यासाठी एवढे सांगतो. सामाईक अर्ज दरसाल १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरची असते आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या आरंभाची. ऑगस्टात ढोलाच्या तालमी ऐन भरात असतात. तेव्हा आजच एक दोनशे पानी वही घ्या, आणि पोरगा रात्री घरी आला की किती वाजता गेला, किती वाजता आला, काय वाजवले, कोणाला शिकवले, ते त्याच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. डिसेंबरात आठवून लिहिलेले तास कसे असतात, ते आम्ही मघाशी सांगितलेच आहे.